पहाटेचा पाठ

एकोणिसाव्या शतकात स्त्रियांच्या शिक्षणासाठी व उद्धारासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी आहे. केडगावचे मुक्ती सदन, विधवांसाठी काढलेले शारदा सदन आणि परदेशात गाजलेली त्यांची विद्वत्ता यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या साऱ्या कार्याच्या मुळाशी एक साधी, रोजची सवय होती. धर्मग्रंथ दररोज स्वतः वाचावा, त्याचा अर्थ स्वतः शोधावा आणि जो आपल्याला कळला, तो इतरांनाही वाचता यावा, ही ती सवय होय. तिने रमाबाईंना मोठे केले आणि तिच्यासाठी त्यांना मोठी किंमतही मोजावी लागली.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रांगांत, गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रीला संस्कृत शिकवणे त्या काळी निषिद्ध मानले जात असे. तरीही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्याबद्दल विद्वानांचा रोष पत्करला आणि अरण्यात जाऊन संसार थाटला. पुढे वृद्ध अनंतशास्त्रींना शिकवणे झेपेना, तेव्हा लक्ष्मीबाईच लेकीच्या गुरू झाल्या. दिवसभर घरकामाचा रगाडा असे, म्हणून पक्षी किलबिलू लागण्याच्या सुमारास त्या झोपाळू रमेला उठवून मांडीवर घेत आणि श्लोक म्हणवून घेत. पुस्तक हाती न घेता, केवळ ऐकून हा अभ्यास चाले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि देवळांत पुराण वाचीत फिरत असे. श्रोते भक्तिभावाने बसत, पोथीपुढे फुले व पैसे ठेवीत. परंतु बहुतेकांना संस्कृतचा एक शब्दही कळत नसे. पुण्य लाभते एवढेच त्यांना पुरे होते. ज्यांच्यासाठी ग्रंथ वाचायचा, त्यांनाच तो कळत नाही, ही गोष्ट रमाबाईंच्या मनात खोल रुतून बसली.

1874 च्या सुमारास दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. उरलेली दोन भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, उपाशीपोटी हजारो मैल पायी चालत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी वेद वाचले आहेत काय, असे त्यांना विचारले. स्त्रीला तो अधिकार नाही, असे रमाबाईंनी सांगताच त्यांनी वेदांची एक प्रत त्यांच्या हाती दिली. इतकी वर्षे ज्या ग्रंथांना हात लावण्याची मनाई होती, ते आता समोर होते. रमाबाई ते वाचू लागल्या. जसजसे वाचन वाढले, तसतसे प्रश्नही वाढले.

1880 साली श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी विवाह केला. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली प्रत सापडली. ती त्यांनी कुतूहलाने वाचली. मात्र पत्नीने ख्रिस्ती धर्माकडे वळावे, हे मेधावींना रुचले नाही. 1882 च्या आरंभी त्यांचे पटकीने निधन झाले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि त्याचबरोबर मराठी नव्या कराराचाही अभ्यास सुरू केला.

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी विचार करणे थांबवले नाही. गुरुजनांनी सांगितलेले प्रत्येक तत्त्व त्या बायबलमध्ये स्वतः शोधून पाहत. जे तेथे आढळत नसे, ते केवळ चर्चच्या आज्ञेवरून मानण्यास त्या तयार नसत. यावरून तेथील भगिनींशी त्यांचे दीर्घ वादही झाले. दुसऱ्याने वाचून सांगितलेल्या सत्यावर त्यांचे समाधान होत नसे.

अमेरिकेत साहाय्य मिळवून 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. येथे मुलींवर कोणताही धर्म लादला जाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह रोज बायबलवाचन व प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या.

त्यातून 1893 मध्ये मोठे वादळ उठले. पालकांना वाटले, की आपला विश्वासघात झाला. वृत्तपत्रांनी कठोर टीका केली. विधवा मुलींना शिक्षणासाठी घराबाहेर पाठवणे ही त्या काळी फार मोठी जोखीम होती, त्यामुळे ही भीती अगदीच निराधार होती, असेही म्हणता येत नाही. दुसरीकडे रमाबाईंचे म्हणणे असे, की कोणाला बोलवायचे नाही आणि येणाऱ्याला हाकलायचेही नाही. दार बंद करणे त्यांनी मान्य केले नाही. सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक मुलींना पालकांनी घरी नेले आणि जुने स्नेही दुरावले. सदन मात्र चालू राहिले.

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या सुमारास तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विणकाम, शेती, स्वयंपाक, छपाई अशी कामे तेथे शिकवली जात. परंतु दिवसाचा आरंभ प्रार्थनेने व शास्त्रवाचनाने होई. ज्यांनी कधी पाटी हाती धरली नव्हती, अशा स्त्रिया अक्षरे गिरवू लागल्या. दृष्टिहीन स्त्रियांसाठी स्वतंत्र निवास होता आणि त्यांना ब्रेल लिपीत वाचायला शिकवले जाई. आपला ग्रंथ प्रत्येकीला आपला आपण वाचता यावा, हा आग्रह त्यामागे होता.

येथेच बालपणीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मराठीत बायबल उपलब्ध होते. विल्यम कॅरे यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून नवा करार 1811 सालीच निघाला होता. परंतु प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा नवशिक्या, खेडवळ स्त्रियांना जड जाई. देवळातील त्या श्रोत्यांप्रमाणे याही केवळ ऐकत राहणार काय? रमाबाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. मूळ ग्रंथापर्यंत पोहोचण्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या या पंडितेने भारदस्त शब्द जाणीवपूर्वक बाजूला ठेवले. सदनातील स्त्रियांनीच खिळे जुळवले आणि पाने छापली.

24 जुलै 1921 रोजी मनोरमा वारली. आईचा उजवा हात असलेली मुलगी गेली, तरी रमाबाईंनी काम सोडले नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर थोड्याच काळात, 5 एप्रिल 1922 रोजी, त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला.

आज बायबल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था बंगळूरु येथील आपल्या मुख्य कार्यालयातून मराठीसह अनेक भारतीय भाषांतील बायबल प्रकाशित करते. ग्रंथ आता सहज मिळतो. तो वाचण्याची भूक मात्र ज्याची त्यालाच जोपासावी लागते. आईने पहाटे उठवून लावलेली ती भूक रमाबाईंनी अखेरपर्यंत विझू दिली नाही. पुस्तक हाती न घेता श्लोक पाठ करणाऱ्या त्या मुलीने पुढे हजारो स्त्रियांच्या हाती पुस्तक दिले, यातच तिच्या आयुष्याचे सार आहे.