बुद्धिबळपटू सुलतानखान

मित्रांनो, वजीर गेला की डाव गेला असे आपण म्हणतो ना? पण सुलतानखान यांनी आपणहून वजीर दिला आणि केवढ्या मोठ्या खेळाडूला हरवले!

मीर सुलतानखान हे पंजाबातल्या मिठा टिवाना गावचे. ते गाव आता पाकिस्तानात आहे. वडिलांनी त्यांना लहानपणी देशी बुद्धिबळ शिकवले. त्यात प्यादे पहिल्या चालीलासुद्धा एकच घर चालते. किल्लेकोट नसतो, राजा एकदा घोड्यासारखी उडी मारतो. आमच्या गावात पारावर म्हातारी माणसं अजून असंच खेळतात.

सर उमर हयातखान या मोठ्या जमीनदाराच्या पदरी ते होते. तिथे ते विलायती नियम शिकले. 1928 साली अखिल भारतीय स्पर्धेत पहिले आले. 1929 मध्ये मालकांबरोबर लंडनला गेले आणि त्याच वर्षी इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवले! पुढे 1932 आणि 1933 सालीही मिळवले. तिकडची थंडी त्यांना सोसायची नाही. सारखा ताप यायचा, घसा धरायचा. तरी डोक्याला फेटा बांधून खेळायला बसायचे.

तिकडच्या खेळाडूंना सुरुवातीच्या चाली पुस्तकातून पाठ असायच्या. सुलतानखानांचं तसं नव्हतं. म्हणून सुरुवातीला त्यांचा डाव कधीकधी अवघड व्हायचा. पण पटावर थोडीच मोहरी उरली की मग त्यांना कोणी धरू शकत नसे.

हेस्टिंग्ज गावच्या 1930-31 च्या स्पर्धेत त्यांची गाठ कॅपाब्लांकाशी पडली. हा क्युबा देशाचा, 1921 ते 1927 जगज्जेता होता. सुलतानखानांची मोहरी पांढरी होती. पाचव्या चालीला त्यांनी हत्तीपुढचे प्यादे फक्त एक घर सरकवले. एवढीशी चाल, पण तिने काळ्या उंटाची वाट अडली. किल्लेकोट त्यांनी केलाच नाही. मग काळे दोन्ही हत्ती थेट त्यांच्या राजापर्यंत घुसले! तेव्हा त्यांनी वजीर दिला आणि दोन्ही हत्ती मारले. मग सावकाश खेळत 65 व्या चालीला डाव जिंकला.

1933 च्या शेवटी ते मालकांबरोबर परत आले. 1935 साली आपल्या खाडिलकरांशी दहा डाव खेळले, त्यात एकच बरोबरीत सुटला, बाकी सगळे त्यांनी जिंकले. पुन्हा परदेशी स्पर्धेला मात्र ते कधीच गेले नाहीत. गावाकडे शेती बघितली. 1966 साली ते वारले. ग्रँडमास्टर हा मोठा किताब जिवंतपणी त्यांना कोणी दिला नाही. तो जागतिक संघटनेने 2024 साली दिला, म्हणजे 58 वर्षांनी.