सर जॉन माल्कम आणि पनवेलचा रस्ता

नवी मुंबईतून पुण्यास जावयाचे तर हल्ली कळंबोलीजवळ द्रुतगती मार्ग धरावा, म्हणजे दोन-अडीच तासांत माणूस मुक्कामी पोहोचतो. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी हा प्रवास केला असेल. परंतु दोनशे वर्षांपूर्वी मुंबई आणि पुणे ह्यांच्या दरम्यान आधी एक खाडी आणि मग एक उभा डोंगर आडवा होता, आणि मालाने भरलेली साधी बैलगाडीसुद्धा तो डोंगर चढू शकत नसे, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असेल. तो घाट गाड्यांस खुला करून देणारे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो. इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे नाव येते ते निराळ्याच कारणाने. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यांनी राज्य सोडले ते ह्यांच्याच हाती. तेव्हा त्यांच्याविषयी मराठी मनात दोन तऱ्हेचे विचार यावेत हे साहजिक आहे. आमच्याही मनात ते येतात, आणि ते झाकून ठेवण्याचे आम्हास काही कारण दिसत नाही.

जॉन माल्कम यांचा जन्म २ मे १७६९ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील एस्क नदीच्या खोऱ्यात, लँगहोम गावाजवळील बर्नफूट येथे झाला. वडील शेतकरी होते. घरात सतरा भावंडे, आणि व्यवहारात आलेल्या बुडीमुळे वडिलांचा हात नेहमीच आखडलेला. जॉन अभ्यासात फारसा चमकत नसे, पण खोड्यांत सदैव पुढे असे. शाळेत काही मोडले वा हरवले, की ह्याच्या मुळाशी जॉनच असणार, असे गुरुजी खुशाल ठरवून टाकीत. पुढे माल्कमसाहेबांनी इराणचा मोठा इतिहास लिहिला, तेव्हा त्याची एक प्रत आपल्या ह्या जुन्या गुरुजींना आठवणीने पाठविली आणि तीवर त्यांचेच ते बोलणे लिहून दिले. खोडकर मुलांच्या आईबापांस ह्यातून थोडा धीर यावयास हरकत नाही.

त्याच खोऱ्यात, माल्कमच्या आधी बारा वर्षे, एका मेंढपाळाच्या घरी टॉमस टेलफर्ड ह्याचा जन्म झाला होता. बाप लवकर वारला. मुलगा गवंडीकाम शिकला, लँगहोमच्या पुलावर त्याने दगड घडविले, आणि माल्कमच्या आजोळच्या पॅस्ली घराण्यातील एका बाईंनी दिलेली पुस्तके वाचून तो शहाणा झाला. पुढे हाच टेलफर्ड ब्रिटनमधील सर्वांत नामांकित रस्ते व पूल बांधणारा ठरला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील दुर्गम डोंगरी मुलखात त्याच्या देखरेखीखाली नऊशे मैलांहून अधिक रस्ते आणि सुमारे हजार लहानमोठे पूल झाले. वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवर १८२६ साली त्याचा झुलता पूल खुला झाला. तोपर्यंत तेथील माणसे तरीने आणि गुरे पोहून पलीकडे जात. एका लहानशा खोऱ्याने जगाला असे दोन पुरुष दिले हा योगायोग असेल. पण ज्या मुलखात पूर आला की शेजारचे गाव परके होते, तेथे वाढलेल्या मुलास रस्त्याची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही, असे आम्हास वाटते.

जॉनचे शिक्षण लवकरच आटोपले. बारा वर्षांचा असताना त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपुढे उभे करण्यात आले. हैदर अली समोर आला तर काय करशील, असे त्यांनी थट्टेने विचारले. तलवार उपसून त्याचे डोके उडवीन, असे उत्तर मुलाने दिले आणि त्याची नेमणूक झाली, अशी आख्यायिका आहे. १७८३ साली, चौदावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, तो मद्रासला उतरला. आज त्या वयाची मुले आमच्याकडे आठवी-नववीच्या वर्गांत बसतात.

सुरुवातीची काही वर्षे उडाणपणात आणि कर्जात गेली. पुढे फारसी भाषेचा अभ्यास केला आणि दैव पालटले. श्रीरंगपट्टणच्या दोन्ही मोहिमांत ते होते. तीन वेळा ते इराणला वकील म्हणून गेले. त्या देशात बटाटा रुजविण्याचे श्रेय लोक त्यांना देतात, आणि माल्कमचे आलू असे त्या कंदाचे नावच तेथे काही काळ पडले होते.

२१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, त्या लढाईत माल्कम पुढच्या फळीत होते. नंतर सहाच महिन्यांनी, जून १८१८ मध्ये, अशीरगडाच्या परिसरात बाजीरावांनी त्यांच्यापुढे शरणागती पत्करली. माल्कमनी त्यांना वर्षाला आठ लाख रुपयांची नेमणूक कबूल केली. ही रक्कम फार झाली, असे खुद्द गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला वाटले. माल्कम मात्र दिलेल्या शब्दावर अडून राहिले. हे औदार्य होते की लढाई लवकर संपविण्याचा हिशेब होता, ह्याचा निवाडा करणे कठीण आहे. दोन्ही असावे.

माळव्याची व्यवस्था लावण्याचे काम मग त्यांच्याकडे आले, आणि तेथे त्यांच्या स्वभावाची चांगली बाजू दिसली. पेंढाऱ्यांच्या धुमाकुळाने खेडी ओस पडली होती, वाटा मोडल्या होत्या, व्यापारी घराबाहेर पडत नव्हते. माल्कम घोड्यावरून गावोगाव हिंडले. भिल्लांपासून जहागीरदारांपर्यंत कोणीही, कोणत्याही वेळी, मध्यस्थाला चिरीमिरी न देता आपल्या तंबूत यावे, असा त्यांनी परिपाठ ठेवला. आपल्या कचेरीस चारी दारे असून ती उघडी आहेत, असे ते लोकांस सांगत. ह्याच फिरतीच्या अनुभवावर त्यांनी मध्य हिंदुस्थानविषयीचा आपला ग्रंथ लिहिला.

१ नोव्हेंबर १८२७ रोजी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या जागी ते मुंबईचे गव्हर्नर झाले. त्या वेळी मुंबईहून पुण्यास कसे जात, हे आता थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मुंबईच्या धक्क्यावरून पडावात बसावयाचे आणि भरती साधून खाडीतून पनवेल गाठावयाचे. वारा पडला की वल्ही. ओहोटी लागली की चिखलात रुतून पुढच्या भरतीची वाट. बेलापूर, उलवे, मोरावे, न्हावा ह्या आमच्या परिसरातील गावांस ही भरती-ओहोटीच घड्याळाच्या जागी होती. वैद्य आणावयाचा, लग्नाचे वऱ्हाड न्यावयाचे की मासळी विकावयाची, सारे खाडीच्या पाण्याला विचारून. पनवेलला उतरल्यावर खालापूरवरून खोपोलीपर्यंत वाट बरी असे. तेथे नाना फडणीसांनी बांधलेल्या तलावाच्या काठी माणसे व गुरे विसावा घेत, कारण पुढे बोरघाटाचा चढ उभा असे.

ह्या घाटाने फौजांचीही परीक्षा घेतली होती. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांचे सैन्य पनवेलला उतरून घाट चढले. तोफा वर ओढून नेण्यात त्यांचे दिवसामागून दिवस गेले. तेवढ्यात मराठ्यांनी तयारी पुरी केली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांस मानहानीचा तह करावा लागला. पुढे वेल्स्लीने तोफांपुरती वाट सुधारली, एल्फिन्स्टनने तीवर आणखी काम केले. तरी व्यापाराचा माल वर-खाली जाई तो बैलांच्या पाठीवरूनच. उरणचे मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर चढत. देशावरचे धान्य, गूळ आणि कापूस खाली उतरत. वंजाऱ्यांचे तांडे गोण्या लादून ही ने-आण करीत. एका बैलाच्या पाठीवर असे किती ओझे मावणार? तोच बैल गाडीस जुंपला तर त्याच्या कित्येक पट माल ओढतो. जुन्नर किंवा सासवडकडील शेतकऱ्याच्या घरी धान्य पिकले तरी मुंबईच्या बाजारात ते नेण्याचाच खर्च फार. आणि एका बाजूस दुष्काळ, दुसऱ्या बाजूस सुकाळ असला तरी एकाची भूक दुसऱ्याच्या पेवाने भागत नसे.

माल्कमनी गव्हर्नर झाल्यावर सरकारी खर्चास मोठी कात्री लावली, आणि त्याबद्दल पुष्कळांचा रोष पत्करला. बोरघाटाच्या रस्त्याला मात्र त्यांनी पैसा दिला. कॅप्टन ह्यूज नावाच्या अधिकाऱ्याकडे हे काम होते. कडा फोडून वळणे काढावयाची, दरीच्या अंगास कठडे घालावयाचे, ओढ्यांवर मोऱ्या बांधावयाच्या, आणि हे सर्व अशा ठिकाणी की जेथे पावसाळ्यात डोंगरच वाहून खाली येतो. इतिहासाने नाव राखले ते ह्यूजचे आणि माल्कमचे. ज्या बेलदारांनी सुरुंग ठासले, ज्या पाथरवटांनी चिरे घडविले आणि ज्या बायांनी खडी वाहिली, त्यांची नावे दगडावर कोरली गेली नाहीत.

१० नोव्हेंबर १८३० रोजी माल्कमच्या हस्ते घाट खुला झाला. आता पनवेलच्या बंदरावर भरलेली गाडी माल न उतरविता थेट पुण्यास जाऊ लागली. राज्यकर्त्यांना हा रस्ता हवा होता तो मुख्यतः पलटणी आणि टपालासाठी, हे आम्ही विसरत नाही. बारा वर्षांपूर्वी जिंकलेला मुलूख हाताशी ठेवावयाचा होता. परंतु रस्त्याला धन्याची ओळख नसते. ज्या वाटेने पलटण गेली त्याच वाटेने शेतकऱ्याची गाडीही गेली, आणि पलटणीपेक्षा गाड्याच पुष्कळ होत्या. पनवेलची भरभराट झाली. तेथील सुतारांनी केलेली गाड्यांची चाके लांबवर प्रसिद्ध होती. १८५२ साली तेथे नगरपालिका स्थापन झाली, आणि ती महाराष्ट्रातील आरंभीच्या नगरपालिकांपैकी एक होती.

समुद्रमार्गाकडेही माल्कमचे लक्ष होते. त्यांचे बंधू सर चार्ल्स माल्कम मुंबईच्या आरमाराचे प्रमुख होते. ह्या दोघांच्या कारकिर्दीत मुंबईच्या गोदीत बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. कोळसा इतका भरावा लागला की उतारूंस जागाच उरेना. तरी सुमारे महिनाभरात ती सुएझला लागली. घाट खुला केल्यावर महिना होतो न होतो तोच, डिसेंबरात, माल्कमसाहेब ह्याच बोटीने तांबड्या समुद्राच्या वाटेने स्वदेशी निघून गेले. स्वदेशी काही काळ ते पार्लमेंटचे सभासद होते, आणि ३० मे १८३३ रोजी लंडन येथे वारले. लँगहोमच्या टेकडीवर त्यांचा शंभर फुटी स्मारकस्तंभ आहे. शँट्रे ह्या शिल्पकाराने घडविलेला त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये उभा आहे. मुलांनी तेथील एशियाटिक सोसायटीत जावे तेव्हा तो अवश्य पाहावा.

त्यांच्या रस्त्याचे वैभव मात्र एक पिढीभरच टिकले. १८६३ साली आगगाडी बोरघाट चढली, पण ती गेली कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडले आणि बंदरातला व्यापार ओसरला. आगगाडी येण्यास पनवेलला पुढे जवळजवळ शंभर वर्षे थांबावे लागले. खाडीवर वाशीचा पहिला पूल झाला तो १९७३ साली, आणि न्हावा-शेव्याकडे येणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला १२ जानेवारी २०२४ रोजी. ह्या दोन्ही पुलांच्या दक्षिणेस असलेल्या घारापुरी बेटावर मात्र आजही होडीनेच जावे लागते, आणि तेथील गावकरी अजून भरती-ओहोटीचा हिशेब ठेवतात.

माल्कमच्या काळातील दगडी पूल खंडाळ्याजवळ पुष्कळ वर्षे उभा होता. जवळच्या जाहिरातीवरून लोक त्यास अमृतांजन पूल म्हणत. द्रुतगती मार्गावर त्याची अडचण होऊ लागल्याने एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस पडलेला असताना, तो सुरुंग लावून पाडण्यात आला. खोपोलीहून वर चढणाऱ्या जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ मात्र आहे. शिंगरोबा हा एक धनगर. घाटातून जाण्याची वाट साहेबास त्यानेच दाखविली, असे लोक सांगतात. कोणी म्हणते ती वाट रस्त्याची, कोणी म्हणते आगगाडीची. बक्षीस काय हवे, असे साहेबाने विचारले तेव्हा त्याने आपल्या लोकांचे राज्य परत मागितले, आणि त्याबद्दल त्यास गोळी घालण्यात आली, अशी ही दंतकथा आहे. तिला कागदाचा आधार नाही. तरी घाट चढणारे गाडीवाले आजही तेथे वेग कमी करून शिंगरोबापुढे एक नाणे टाकतात.