आसगावचा नेव्हिल आणि मेलबर्नचे तीन गोल

शाळेच्या स्मरणिकेत फुटबॉलपटूचं चरित्र कशाला, असं आपल्या पी.टी.च्या सरांनाही वाटेल. आपलं मैदान खो-खो, कबड्डी आणि क्रिकेटचं. पण ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू मुंबईच्या क्लबांतून खेळलेला होता. त्याचं नाव आपल्या वर्गात कुणालाही सांगता आलं नसतं, आणि मला ते खटकतं.

नेव्हिल डिसोझा ३ ऑक्टोबर १९३२ रोजी गोव्यात, बार्देशातल्या आसगावला जन्मला. तेव्हा गोवा पोर्तुगिजांचा होता. आपण शाळेत होतो तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं आणि १९९८ मध्ये वेगळा जिल्हा झाला. आपल्या पत्त्यातली एक ओळ बदलली, एवढंच. नेव्हिलचा मामला मोठा होता. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. भारताने हद्द बंद केली, रेल्वे थांबली. त्याच्या पुढच्याच वर्षी आसगावात जन्मलेला हा मुलगा भारताची जर्सी घालून ऑलिंपिकला गेला. गोवा मुक्त व्हायला अजून पाच वर्षं होती.

मुंबईत तो टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळू लागला. त्या काळी आपल्याकडे फुटबॉल हा पोटापाण्याचा धंदा नव्हता. कंपन्या, रेल्वे, पोलीस, सैन्यदलं यांचे संघ असत, आणि चांगल्या खेळाडूला तिथे नोकरी मिळे. खेळाचं कौशल्य हीच त्याची पदवी.

भारतीय संघाची तेव्हाची अवस्था ऐकण्यासारखी आहे. १९४८ मध्ये लंडनला आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे थोडक्यात हरले. १९५२ ला हेलसिंकीत मात्र युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले, आपला एकच झाला. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. आपल्या शिक्षकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. ‘मैदान’ चित्रपटामुळे त्यांचं नाव पुन्हा लोकांना कळलं, ते बरंच झालं.

मेलबर्नला पहिली फेरी खेळावीच लागली नाही. हंगेरीत उठाव होऊन रशियन रणगाडे घुसले होते. त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत पोचला. नशिबाचा हा भाग मान्य करायला हवा. पण समोर होते यजमान ऑस्ट्रेलिया, त्यांच्याच मैदानावर.

१ डिसेंबर १९५६. उजव्या बगलेवर पी. के. बॅनर्जी, डावीकडे कन्नन, मध्ये नेव्हिल. बगलेवरच्यांनी पळत जाऊन चेंडू आत द्यायचा आणि मधल्याने नेमक्या क्षणी तिथे असायचं, अशी ती वाटणी. नेव्हिल तिथे असे. नवव्या मिनिटाला पहिला गोल. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा. मध्यंतराआधी पुन्हा बरोबरी. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत त्याचा तिसरा, आणि या वेळी ऑस्ट्रेलियाला उत्तर सापडलं नाही. शेवटी कृष्णस्वामीने चौथा गोल केला. भारत ४-२.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया, तोच दहा गोलवाला. पन्नासाव्या मिनिटापर्यंत गोलफलक कोराच होता. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत चक्क पुढे गेला! ही आघाडी दोन मिनिटं टिकली. त्यानंतर अकरा मिनिटांत त्यांनी तीन गोल केले, चौथा आपल्याच बचावपटूकडून आपल्याच जाळ्यात गेला. तरी मला ती दोन मिनिटं विजयापेक्षाही मोठी वाटतात. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला संघ ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या दारात उभा होता. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असं हरवलं. भारत चौथा आला. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरला.

इथून पुढे नोंदी विरळ होतात. तो कॅलटेक्सच्या संघात गेला आणि १९५८ मध्ये त्या संघाने मुंबईचा मानाचा रोव्हर्स चषक जिंकला. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात तो नव्हता. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला आणि फुटबॉलचा पहिला मान त्याच्या बाजूने धावणाऱ्या पी. के. बॅनर्जींना मिळाला. तो योग्यच होता, त्याबद्दल वाद नाही. पण नेव्हिलला तो नंतरही कधी मिळाला नाही. आम्हा इंजिनिअर लोकांत असं म्हणतात की ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही. इथे तर नोंद होती, मिनिटांसकट.

१६ मार्च १९८० रोजी नेव्हिल गेला, अवघ्या ४७ व्या वर्षी. रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकसाठी पुन्हा पात्र ठरलेला नाही.