हाफकिन: तुपावर वाढवलेली प्लेगची लस आणि ५३ नंबरची बाटली

परळची हाफकिन संस्था आपल्याला ऐकून माहीत असते, पण हाफकिन नावाचा माणूस होता हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसात एका ज्यू कुटुंबात जन्मले. तिथे त्यांना शिक्षक मिळाले ते मेचनिकॉफ. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे दाखवणारे तेच. पुढे गुरू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले, मागोमाग हाफकिनही. सुरुवातीची नोकरी ग्रंथालयातली! १८९२ मध्ये त्यांनी आपली कॉलऱ्याची लस स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीला आला. ऑक्टोबरात हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात हजर. लशीसाठी जंतू भरपूर वाढवायला हवे होते. त्यांनी पोषक द्रवाच्या चंबूत चक्क तुपाचे थेंब सोडले. तरंगत्या तुपाला धरून जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढायचे. चंबू हलवला की तळाशी पडायचे आणि वर पुन्हा नवी वाढ. मला तरी ही आयडिया भारी वाटते. मग हे जंतू तापवून मारायचे. मेलेला जंतू शरीरात वाढू शकत नाही, पण त्याच्या अंगावरच्या खुणा शिल्लक असतात. त्या पाहून शरीर प्रतिपिंडं बनवतं आणि काही पेशी ती ओळख जपून ठेवतात. खरा जंतू आला की तयारीचा वेळ वाचतो. अँटीव्हायरसमध्ये सिग्नेचर आधीच असावी तसं. फक्त इथे ती शरीर स्वतः लिहितं.

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी पहिला डोस स्वतःलाच घेतला. सडकून ताप आला. (आमच्या फुलंब्रीत कोविडच्या लशीनंतर ताप आला की लस बाधली म्हणायचे. तो ताप म्हणजे शरीर कामाला लागल्याची खूण.) मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, न घेतलेल्यांपेक्षा त्यांच्यात प्लेग कमी झाला. पूर्ण संरक्षण मात्र नव्हतं. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावात ५३ एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका थेट हाफकिन यांच्यावर. पण धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, आणि बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. आमच्या भाषेत सांगायचं तर बग कोडमध्ये नव्हता, डिप्लॉय करताना घुसला. हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले. मग हाफकिन भारतात परतले ते कलकत्त्याला, मुंबईला नाही.

परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ते वारले.