विश्लेषण : मूल जेवत नाही, दोष आईचा? ऑटिझम जगासमोर आणणारे लिओ कॅनर काय म्हणाले, कुठे चुकले?

ताटात फक्त पांढरा भात हवा. वरण वेगळ्या वाटीत, आणि ते भाताला लागता कामा नये. बिस्किट एकाच कंपनीचे, तेही न तुटलेले. पोह्यात मोहरीचा दाणा दिसला की सगळी बशी बाजूला. ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता असलेल्या अनेक मुलांच्या घरात जेवणाची वेळ अशीच जाते.

कागल पंचतारांकित एमआयडीसीसारख्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. फाउंड्री, इंजिनीअरिंग आणि कापड उद्योगांच्या या पट्ट्यात अनेक घरे कारखान्याच्या पाळीवर चालतात. वडील दुसऱ्या पाळीला गेले की रात्रीचे जेवण एकट्या आईच्या वाट्याला येते. कामासाठी गाव सोडून आलेल्या घरात मदतीला आजीही नसते. मूल जेवले नाही की बोल मात्र आईलाच. लाडावून ठेवले, मोबाइलची सवय लावली, दोन दिवस उपाशी ठेवले की आपोआप खाईल, असे सल्ले फोनवरूनही येतात.

आईला असा दोष देणे जगभर रुजले, त्यात डॉ. लिओ कॅनर यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. गंमत म्हणजे, ऑटिस्टिक मुले जन्मापासूनच जेवणाला अडतात ही नोंदही आधी त्यांनीच केली होती. त्याच्याही आधी आईंची बाजू घेऊन त्यांनी एक पुस्तक लिहिले होते.

कोण होते लिओ कॅनर?

कॅनर यांचा जन्म १३ जून १८९४ रोजी क्लेकोटिव्ह या खेड्यात एका ज्यू कुटुंबात झाला. हे खेडे तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तरुणपणी त्यांना कवी व्हायचे होते. कविता छापायला कोणी तयार होईना, तेव्हा ते वैद्यकशास्त्राकडे वळले. बर्लिनमध्ये शिक्षण सुरू असतानाच पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांना ऑस्ट्रियाच्या सैन्यात वैद्यकीय सेवेत जावे लागले. युद्धानंतर पदवी पूर्ण करून त्यांनी बर्लिनमध्ये हृदयाच्या ईसीजीवर काम केले. मानसोपचाराशी त्यांचा तोवर फारसा संबंध नव्हता.

महायुद्धानंतर जर्मनीत महागाईने पैशाची किंमत उरली नव्हती. १९२४ मध्ये एका अमेरिकन ओळखीतून साउथ डकोटा राज्यातील यांक्टन येथील मनोरुग्णालयात नोकरी मिळाली आणि कॅनर कुटुंबासह अमेरिकेला गेले. चार वर्षांनी ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. १९३० मध्ये त्यांनी तिथे मुलांसाठी मानसोपचार विभाग सुरू केला. बालरोग विभागाला जोडून असा विभाग असणे तेव्हा नवे होते. १९३५ मध्ये त्यांचे बालमानसोपचारावरील पुस्तक आले. इंग्रजीतील या विषयाचे ते पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते.

रुग्णालयाबाहेरही ते गप्प बसणारे नव्हते. मेरीलँडमधील एका संस्थेतून दीडशेहून अधिक बौद्धिक अक्षम मुली-महिलांना कोर्टाच्या आदेशाने बाहेर काढून श्रीमंतांच्या घरी फुकटच्या मोलकरणी म्हणून पाठवले गेले होते. कॅनर यांनी त्यांचा माग काढला आणि १९३७ मध्ये हा प्रकार उघड केला. नाझी राजवटीतून पळालेल्या अनेक ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत आणण्यासाठीही त्यांनी धडपड केली. व्हिएन्नाहून आलेले डॉ. जॉर्ज फ्रँकल त्यांपैकीच. पुढे ऑटिझमच्या पहिल्या रुग्णाला तपासणाऱ्यांत तेही होते.

१९४१ मध्ये त्यांनी आईंच्या बचावासाठी पुस्तक लिहिले. तज्ज्ञांच्या सल्ल्यांनी घाबरून जाऊ नका, स्वतःच्या समजुतीवर विश्वास ठेवा, असा त्याचा सूर होता. पुढे जे घडले त्याच्या तुलनेत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पहिल्या ११ मुलांच्या नोंदीत जेवणाबद्दल काय होते?

१९३८ मध्ये मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या गावातून एक वकील आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन कॅनर यांच्याकडे आला. येण्याआधी त्याने मुलाविषयी ३३ पानांचे टाइप केलेले पत्र पाठवले होते. मुलाचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट. या मुलाला कधी नीट भूक अशी लागलीच नाही, इतर मुले आइस्क्रीम खाताना पाहूनही त्याला मोह होत नाही, अशी माहिती वडिलांनी दिली होती.

डोनाल्डसारखीच आणखी मुले कॅनर यांच्याकडे आली. १९४३ मध्ये त्यांनी अशा ११ मुलांवर, म्हणजे आठ मुलगे आणि तीन मुलींवर, शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज ऑटिझम म्हणून जे ओळखले जाते त्याचे हे पायाभूत वर्णन. ऑटिझम हा शब्द मात्र कॅनर यांचा नाही. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो तीसेक वर्षे आधी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला होता. ग्रीक भाषेतील स्वतः या अर्थाच्या शब्दावरून तो आला, आणि मराठीतील स्वमग्नता हा शब्दही त्याच अर्थाचा. मूल स्वतःतच बुडालेले आहे, बाहेर यायला तयार नाही, असे चित्र या शब्दामुळेच डोळ्यांपुढे उभे राहते. जेवणाच्या बाबतीत नेमके हेच चित्र आड आले.

कॅनर यांच्या ११ पैकी सहा मुलांना जन्मापासून खाण्याची गंभीर अडचण होती. एक मुलगा पहिले वर्षभर सतत उलट्या करत असे. एका मुलीला वर्षाची होईपर्यंत नळीने अन्न द्यावे लागले. बहुतेक मुले बऱ्याच संघर्षानंतर एक दिवस अचानक नीट खाऊ लागली, असेही निबंधात आहे.

निरीक्षण अचूक होते, पण कॅनर यांनी त्याचा अर्थ असा लावला : मुलाला बाहेरचे जग नको असते, अन्न ही त्या जगाची पहिली घुसखोरी, म्हणून मूल ते नाकारते. म्हणजे जीभ, नाक, पोट यांचा विचार मागे पडला आणि अन्न हे नात्याचे प्रतीक ठरले. आणि बाळाच्या तोंडात पहिला घास घालणारी व्यक्ती कोण? आईच.

त्याच निबंधात उत्तराच्या जवळ नेणाऱ्या दोन गोष्टी होत्या. ही मुले मोठ्या आवाजांना घाबरतात आणि सगळे कायम जसेच्या तसे राहावे असा त्यांचा हट्ट असतो, हे कॅनर यांनी नीट टिपले होते. तुटकी किंवा अर्धवट वस्तू त्यांना सहन होत नाही, हेही. पण या नोंदींचा धागा त्यांनी ताटाशी जोडला नाही.

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्नाचे हान्स अ‍ॅस्पर्गर यांचा निबंध आला. नाझी काळातील त्यांच्या भूमिकेमुळे हे नाव आज वादग्रस्त आहे. पण चवीबाबत त्यांनी जास्त थेट लिहिले होते. या मुलांच्या आवडीनिवडी टोकाच्या असतात, काहींना फार आंबट किंवा मसालेदारच लागते, काहींना भाज्या किंवा दूध अजिबात चालत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. तेव्हा ऑटिस्टिक मूल म्हणजे फिक्या चवीचेच, असे समजायचे कारण नाही. साधे वरण नाकारून रोज लोणचे किंवा ठेचाच मागणारे मूलही त्याच गटात असू शकते.

आईवर दोष कसा आला?

१९४३ च्या निबंधाच्या शेवटी कॅनर यांनी ही मुले जन्मतःच वेगळी असतात असे म्हटले होते. त्याच वेळी, त्यांच्या घरांत मायाळू आई-वडील फार थोडे दिसले, असेही लिहिले. त्यांच्याकडे येणारे पालक बहुतेक उच्चशिक्षित, मोजूनमापून बोलणारे होते. बाल्टिमोरच्या नामांकित डॉक्टरपर्यंत त्या काळी तसेच लोक पोहोचू शकत, ही साधी गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली असे दिसते.

१९४९ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. ही मुले जणू बर्फ वितळू न देणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवल्यासारखी वाढतात, असे रूपक त्यांनी वापरले. फ्रिजसारखी थंड आई ही कल्पना तिथून पसरली. १९६७ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने ती घराघरांत नेली. अनेक मुलांना उपचार म्हणून घरापासून दूर ठेवण्यात आले आणि आईला मानसोपचारासाठी पाठवण्यात आले. मूल जेवत नाही हाही मग तिच्याविरुद्धचा पुरावा ठरत असे.

कॅनर यांनी भूमिका बदलली का?

हो, पण उशिरा. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जे स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील होते, ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीचा विषय आहे असे मांडणारे पुस्तक लिहिले. त्याला प्रस्तावना कॅनर यांनीच दिली. १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे पालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. आपण ही स्थिती जन्मजात असल्याचे सुरुवातीपासून म्हणत होतो, आपले म्हणणे चुकीचे उद्धृत झाले, असा त्यांचा दावा होता. तो अर्धाच खरा होता. फ्रिजचे रूपक दुसऱ्या कोणी त्यांच्या तोंडी घातले नव्हते. तरीही सभागृहातील पालकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

३ एप्रिल १९८१ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी कॅनर यांचे निधन झाले. त्यांचा पहिला रुग्ण डोनाल्ड गावातल्याच बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला.

आज विज्ञान काय सांगते?

२०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने निदानाच्या निकषांत आवाज, स्पर्श, वास, चव यांबद्दलची जास्त किंवा कमी संवेदनशीलता अधिकृतपणे समाविष्ट केली. कॅनर यांच्या निबंधाला तोवर ७० वर्षे झाली होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ऑटिस्टिक मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांच्या खाण्याच्या सवयी वेगळ्या आढळल्या. इतर मुलांत हे प्रमाण जेमतेम ५ टक्के होते.

एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या कोणालाही हे लवकर समजेल. गो-नोगो गेज जॉबशी भांडत नाही. माप ठरलेल्या मर्यादेत असेल तर जॉब पास, नाही तर रिजेक्ट. बहुतेकांच्या जिभेची ही मर्यादा सैल असते, काही ऑटिस्टिक मुलांची फार घट्ट. आजची भाकरी कालच्यापेक्षा जाड, वांग्याचा प्रत्येक घास वेगळा, आमटीत कधी कढीपत्ता येतो कधी नाही. पाकिटातले बिस्किट मात्र प्रत्येक वेळी तेच. मूल बिस्किट मागते ते दरवेळी गोडासाठीच असे नाही. त्याला पुढचा घास कसा लागेल हे आधी माहीत असते. उपमा इथेच थांबवायला हवी, कारण मुलाची मर्यादा हळूहळू वाढू शकते. गेजची वाढत नाही.

म्हणूनच भूक लागली की खाईल हा सल्ला अनेक ऑटिस्टिक मुलांना लागू पडत नाही. काहींना भुकेची जाणीवच नीट होत नाही. जबरदस्तीने भरवल्यास त्या पदार्थाची भीती बसते आणि यादीतला एक पदार्थ आणखी कमी होतो.

डॉक्टरकडे कधी जावे?

वजन वाढत नसेल, पदार्थांची यादी कमी होत चालली असेल, मूल गिळताना ठसकत असेल किंवा बद्धकोष्ठता सतत असेल तर थांबू नये. दात दुखणे, पोटातील आम्ल वर येणे अशी साधी कारणेही असतात आणि न बोलणारे मूल ती सांगू शकत नाही. वजन ठीक म्हणून सगळे ठीक असेही नसते. चालायला नकार देणाऱ्या, लंगडणाऱ्या ऑटिस्टिक मुलांत क जीवनसत्त्वाअभावी होणारा स्कर्व्ही सापडल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. अ जीवनसत्त्वाअभावी दृष्टी गेल्याचीही आहेत.

गहू आणि दूध बंद करण्याचा सल्ला पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सर्रास फिरतो. त्याने ऑटिझम कमी होतो याला भक्कम पुरावा नाही. ज्या मुलाच्या यादीत मुळात पाचच पदार्थ आहेत, त्यातून चपाती आणि दूध काढले तर उरते काय?

थेरपिस्ट साधारणपणे एका वेळी एकच बदल करायला सांगतात. आवडत्या बिस्किटाचा आकार तोच ठेवून आधी चव बदलायची. नवा पदार्थ ताटात नाही, शेजारच्या बशीत ठेवायचा. मुलाने नुसता हात लावला किंवा वास घेतला तरी त्या दिवसापुरते पुरे. याला आठवडे नाही, महिने लागतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांमध्ये एकदा मुलांची मोफत तपासणी करतात. पथक आले की फक्त वजन-उंचीवर न थांबता मूल काय काय खाते, याची लेखी यादी आईने सोबत न्यावी. स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत आहे. त्यामुळे निदानानंतर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, आणि त्याच्या आधारे केंद्राच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा घेता येतो. थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत त्यात बसतो.