ताराबाई मोडक : अंगणात गेलेली शाळा

वाणगावहून गाडीने डहाणू रोड ओलांडले की घोलवड, आणि घोलवडला लागून बोर्डी. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली इथे आल्या, तेव्हा पन्नाशी उलटली होती. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबतचे काम आणि १९२६ पासूनचा नूतन बालशिक्षण संघ यांमुळे त्यांचे नाव झाले होते. पण माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाईंनी शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली.

वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडीचे मूळ ते. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आईबाप मजुरीला गेले की थोरली बहीण धाकट्याला घेऊन घरी राही. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. तान्ह्याची सोय झाली की बहिणीची शाळा सुटत नाही आणि आईचा रोज बुडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. या साऱ्यात अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

या स्मरणिकेत आपण गुरुजनांना वंदन करतो आहोत. आपल्या आधी मुलांना बोट धरून शाळेच्या दारापर्यंत आणणाऱ्या अंगणवाडीच्या बाईंनाही त्यात स्थान असावे.