डॉ. रफीउद्दीन अहमद

छत्तीसगडातील भिलाई-दुर्ग परिसरात सकाळी गुडाखूने दात घासणारी माणसे आजही आढळतात. तंबाखू आणि गूळ यांपासून केलेला हा काळपट लगदा बोटाने दातांवर चोळतात. महाराष्ट्रातील मशेरी ही याच कुळातली. या पदार्थांमुळे दात स्वच्छ झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात हिरड्या दुबळ्या होतात आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखू मिसळलेल्या दंतमंजनांवर भारत सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, तरी सवय पुरती सुटलेली नाही. दात दुखू लागला की सोसायचा आणि असह्य झाला की उपटून टाकायचा, ही समजूत तर याहून जुनी आहे. दातांची निगा हे शिकण्याचे आणि शिकवण्याचे शास्त्र आहे, असे मानून भारतात त्याचे पहिले महाविद्यालय काढले ते डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमधील बर्धनपाडा या गावी झाला. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. अलीगढ येथे शिक्षण घेतल्यानंतर ते अमेरिकेस गेले आणि १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी त्यांनी मिळवली. त्यानंतर १९१८ पर्यंत त्यांनी बोस्टन शहरातील फोर्सिथ दंतरुग्णालयात काम केले. हे रुग्णालय केवळ मुलांसाठी होते. मोठेपणी दात काढावे लागू नयेत म्हणून लहानपणीच ते तपासावेत, हा विचार त्या काळी नवा होता. पुढे दंतवैद्यकाचा शिक्षक होणाऱ्या या तरुणाला अशा ठिकाणी काम करावयास मिळाले, ही मोलाची गोष्ट म्हटली पाहिजे.

लहानपणीच्या तपासणीला एवढे महत्त्व का, हे दात किडण्याच्या क्रियेवरून कळते. जेवणानंतर दातांवर चिकट थर साचतो. त्यात सूक्ष्म जंतू वाढतात. अन्नातील साखरेपासून ते आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दाताच्या कठीण आवरणाला हळूहळू पोखरते. आरंभी काहीच दुखत नाही. कीड आत मज्जातंतूंपर्यंत पोहोचली की कळ उठते. तोवर बराच उशीर झालेला असतो. तोच थर हिरड्यांच्या कडेला राहिला तर हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते आणि कालांतराने न किडलेला दातही हलू लागतो. सकाळी आणि विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे, खाल्ल्यावर चूळ भरणे आणि दुखत नसतानाही दंतवैद्याकडून दात तपासून घेणे, एवढ्याने यातील बराचसा त्रास टळतो.

परंतु तपासणार कोण? १९१९ मध्ये अहमद मायदेशी परतले, तेव्हा दंतवैद्य घडवणारे एकही महाविद्यालय भारतात नव्हते. १९२० मध्ये त्यांनी कोलकाता येथे ते सुरू केले. त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याकरिता त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे शीतपेयांचे दुकान काढले होते. दातांचे शास्त्र शिकवणारी संस्था गोड पेयांच्या विक्रीवर तगावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे! विद्यार्थी आरंभी फार थोडे होते. त्यांपैकी फातिमा जीना यांनी १९२३ मध्ये मुंबईत स्वतःचा दवाखाना उघडला. स्त्रीने असा व्यवसाय करणे ही तेव्हा धाडसाचीच गोष्ट होती. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय निघाले ते त्यानंतर दहा वर्षांनी, १९३३ मध्ये.

महाविद्यालय चालवण्यावर अहमद थांबले नाहीत. १९२५ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले आणि पुढे सुमारे दोन दशके त्याचे संपादन केले. १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. दंतवैद्यांची संघटना बांधली. शिक्षण न घेताच रस्त्याच्या कडेला बसून दात काढणाऱ्यांच्या हाती लोकांचे आरोग्य राहू नये, तर त्यासाठी कायदाच हवा, अशी त्यांची धारणा होती. बंगालमध्ये १९३९ मध्ये तसा कायदा झाला, आणि १९४८ मध्ये संपूर्ण देशासाठी दंतवैद्य अधिनियम संमत झाला. दंतवैद्याची नोंदणी आणि त्याची पात्रता यांना त्यामुळे कायद्याचा आधार मिळाला.

१९४९ मध्ये त्यांनी आपले महाविद्यालय पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केले. तीस वर्षे स्वतःच्या कष्टाने वाढवलेली संस्था अशी देऊन टाकणे सोपे नसते. १९५० पासून १९६२ पर्यंत ते राज्याचे मंत्री होते; कृषी, सहकार आणि निर्वासितांचे पुनर्वसन अशी खाती त्यांनी सांभाळली. १९६४ मध्ये त्यांना 'पद्मभूषण' हा किताब मिळाला. ९ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

कोलकात्यातील ते महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. भिलाईतही आता दंतमहाविद्यालय आहे. अहमद यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, हा देशात राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.